बाबांच्या पानावरचं हरीण

आमच्या भागातली हरणं कमी झाली आहेत, ही बातमी मला एका झाडाने दिली.

सप्टेंबरातली सकाळ होती. मी चहाचा कप घेऊन मागच्या डेकवर उभा होतो आणि कुंपणापलीकडच्या ओकमधून आवाज आला, "एक मिनिट आहे का?" अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसरमध्ये शेजाऱ्याशी बोलायचं तरी आधी टेक्स्ट करतात. त्यामुळे एखाद्या झाडाने न विचारता हाक मारावी, हे मला फारच आपुलकीचं वाटलं. मी म्हणालो, "आहे की! बोला!"

"वर बघ," झाड म्हणालं.

वर शिकारीकाका बसले होते. हे नाव माझ्या मुलीने लहानपणी ठेवलेलं. खरं नाव काय ते आम्हाला माहीत आहे, पण त्या नावाने हाक मारली तर आमच्याच घरात कोणाला कळणार नाही. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, शाळेच्या बस दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं. आमची कॉलनी व्हायच्या आधी इथे शेतं होती, त्या काळातलं एकुलतं एक घर त्यांचं. दर वर्षी पानगळीच्या आधी ते पानाफांद्यांच्या छापाचे कपडे घालून, झाडाला बांधलेल्या खुर्चीत धनुष्यबाण घेऊन बसतात. घरांच्या इतक्या जवळ बसायला घरमालकांची परवानगी लागते. आमच्या घरातर्फे ती बाबांनी दिली होती, आणि अशी दिली होती की जणू लेकीचं लग्न ठरलंय.

"तुमच्याकडे हरणं दिसली का इतक्यात?" काकांनी वरूनच विचारलं. (ते अर्थातच इंग्रजीत बोलतात. मी इथे त्यांना मराठी बोलायला लावतोय, आणि त्यांना ते शोभतंय.)

मी विचार केला. "नाही. बरेच दिवस नाही."

"मला पण नाही. ठसे नाहीत, लेंड्या नाहीत. जंगलात झाडाला कॅमेरा लावलाय, त्यात एक रकून आणि तू. संध्याकाळी शॉर्ट्स घालून पळतोस ते तूच ना?"

"मीच."

"पळू नकोस. चाल. तुझ्या गुडघ्यांचं काही खरं नाही." मग म्हणाले, "पलीकडच्या जंगलात बसणारी पोरंही हेच म्हणतायत. मला कळत नाहीये काय झालंय. इतकी वर्षं बसतोय मी या झाडावर. मला कळायला हवं, पण कळत नाही."

माझ्यामागे डेकचं सरकतं दार उघडं होतं आणि आत माझी आई पूजेची फुलं निवडत होती. तिला इंग्रजी बोलता येत नाही, पण समजत नाही असं समजणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर समजावं. ती बाहेर आली, पदर सावरला, झाडाकडे बघून नमस्कार केला आणि मला म्हणाली, "हरणं नाहीत म्हणतोय का तो?"

"हो."

"अजिबात नाहीत?"

"अगं, असतील कुठेतरी."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं भाजीवाल्याने 'ताजीच आहे' म्हटल्यावर बघतात. "भरणी आलीय," ती म्हणाली. "कुठेतरी असून काय उपयोग?"

आता इथे मला पडदा पाडून एप्रिलमध्ये जावं लागणार, कारण त्याशिवाय माझी पंच्याहत्तरीची, कांदासुद्धा चातुर्मासात न खाणारी आई शिकाऱ्यांच्या गोटात कशी गेली, हे कळणार नाही.

एप्रिलमध्ये बाबा गेले. इथेच गेले, माझ्याकडे. दहाव्याचे विधी आम्ही मागच्या अंगणात केले. आमचे गुरुजी आठवडाभर एका औषध कंपनीत डेटा बघतात आणि शनिवार-रविवारी सोवळं नेसतात. त्या दिवशी वार मधला होता, म्हणून ते लॅपटॉपच्या पडद्यातून विधी सांगत होते आणि अधूनमधून म्यूट होऊन दुसऱ्या कोणाला तरी "येस, साउंड्स गुड" म्हणत होते. पिंड मांडला, आम्ही मागे सरकलो आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिलो.

कावळे होते. विजेच्या खांबावर चांगले तीन-चार धष्टपुष्ट अमेरिकन कावळे बसले होते. पण त्यांना आपलं काम काय आहे हे कोणी शिकवलेलंच नव्हतं. ते आमच्याकडे बघत होते आणि आम्ही त्यांच्याकडे. आपल्याकडे अशा वेळी गेलेल्या माणसाची इच्छा ओळखायची असते, ती बोलून दाखवली की कावळा शिवतो. मी मोठ्याने म्हणालो, "बाबा, आईला मी नीट सांभाळेन." कावळे ढिम्म. बायको म्हणाली, "बाबा, तुमची बाग मी वाळू देणार नाही." एका कावळ्याने पंख खाजवला. मी म्हणालो, "बाबा, गॅरेज आवरेन." त्यावर तर एक कावळा उडूनच गेला. बाबांचा या बाबतीत माझ्यावर कधीच विश्वास नव्हता.

"दर्भाचा कावळा करून शिवून घ्या," पडद्यातून गुरुजी म्हणाले. "शास्त्रात चालतं. माझा कॉल आहे."

 आईचा चेहरा मात्र असा झाला होता, की मी दर्भाला हात लावू शकलो नाही. आणि तेवढ्यात जंगलाच्या कडेने एक हरीण आलं. सावकाश. कुंपणाचा जो भाग मागच्या वादळात पडला होता आणि मी उचलणार होतो, तिथून आत आलं, पिंडाजवळ थांबलं, मान वाकडी करून बघितलं, जणू यात मीठ आहे की नाही असा प्रश्न पडलाय, आणि मग सगळं खाल्लं. तीळसुद्धा चाटून खाल्ले.

माझी मुलगी माझ्या कानाशी कुजबुजली, "डॅड, इट्स अ डियर. दे ईट एव्हरीथिंग."

पण आईने हात जोडले होते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तेच," ती म्हणाली. "जेवायच्या आधी असंच बघायचे."

गुरुजी अनम्यूट झाले. "शिवला का?"

"हरणाने खाल्लं," मी म्हणालो.

पडद्यातून पोथीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग गुरुजी म्हणाले, "खुरवालं आहे ना? गाय चालते, तर मला वाटतं..." आणि वाक्य अर्धवट सोडून ते पुन्हा म्यूट झाले. आजतागायत त्यांनी ते पूर्ण केलेलं नाही.

मला तेव्हापासून एक गोष्ट कळत नाहीये, ती इथेच सांगून टाकतो. बाबांचं आणि हरणांचं हाडवैर होतं. घेवड्याचा वेल, जास्वंद, गुलाब, मेथीचा वाफा, जे जे बाबांनी लावलं ते ते हरणांनी खाल्लं. त्यांनी साबणाच्या वड्या टांगल्या, न्हाव्याकडून केस आणून पसरले, मासे पकडायची तार बांधली आणि तिच्यात स्वतःच अडकले. "हरामखोर" हा शब्द मी बाबांच्या तोंडून आयुष्यात फक्त हरणांसाठी ऐकला. काकांना झाडावर बसायची परवानगी इतक्या उत्साहाने दिली ती म्हणूनच. आणि आता आईला माहीत नसलेली गोष्ट: दर हिवाळ्यात बाबा 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून जात, ते काकांच्या गॅरेजमध्ये. तिथे हरणाच्या मांसाचं सॉसेज भाजलं जाई. म्हणजे बाबांनी हरीण खाल्लं होतं आणि मग हरणाने बाबांचा पिंड खाल्ला. आता पिंड खाणारे ते बाबा होते, की बाबांनी आयुष्यभर शिव्या घातलेल्या शत्रूचा प्रतिनिधी? मी बायकोला हे विचारलं होतं. ती म्हणाली, "तू आधी कुंपण दुरुस्त कर."

ते हरीण नर होतं की मादी, हाही घोळ होताच. शिंगं नव्हती. मी एकदा काकांना सहज विचारलं, तर ते म्हणाले, "एप्रिलात लांबून सांगणं कठीण. नराची शिंगं हिवाळ्यात गळतात, नवी नीट यायला उन्हाळा लागतो." हे मी आईला सांगितलं, तेव्हा तिने "मला माहीतच होतं" अशी मान हलवली.

मे-जूनमध्ये हरणं येत होती. त्यातलं नेमकं 'ते' कुठलं, हे आईला लांबूनही कळायचं. आम्हाला कधीच नाही. बागेचा फडशा पडत होता, आणि ज्या बाईने संसारभर पाखरांना वाळवणावरून हाकललं, ती खिडकीत बसून म्हणायची, "खाऊ दे रे. त्यांनीच लावलेलं आहे." ऑगस्टमध्ये हरणं येईनाशी झाली. मला वाटलं, खाण्यासारखं काही उरलंच नाही म्हणून असेल.

आणि आता भरणी. वर्षाच्या आत पितृपक्षात श्राद्ध करायचं ते भरणी श्राद्ध. पान वाढून बाहेर ठेवायचं, ते शिवलं गेलं की मग घरच्यांनी जेवायचं. आईचा प्रश्न अगदी साधा होता. एप्रिलमध्ये आले, खाऊन गेले. आता आले नाहीत, तर काय समजायचं? रागावले? की हरणाच्या जन्मातूनही गेले? आणि मग कुठे? हे ती दिवसातून कितीदा तरी विचारायची, आणि मी पाच खोल्यांच्या घरात लपायला जागा शोधायचो.

अशात कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलं, की गुरुवारी टाउन हॉलमध्ये हरणांच्या संख्येवर मीटिंग आहे. झालं. संख्या म्हटल्यावर ती जास्तच असणार, अशी आमच्या लोकांची खात्री. त्यामुळे अर्धी कॉलनी फोनमध्ये उद्ध्वस्त बागांचे फोटो घेऊन हजर. प्रत्यक्षात मीटिंग मागितली होती शिकाऱ्यांनी, कारण त्यांना हरणं दिसत नव्हती. एका बाजूला टोप्या घातलेले, रुंद खांद्यांचे, गप्प लोक. दुसऱ्या बाजूला आमचे काका-काकू, दोघं-तिघं कामावरून थेट लॅपटॉपच्या बॅगेसकट. समोर वन्यजीव खात्याची एक तरुण बाई आणि तिचा पाण्याचा ग्लास.

एक शिकारी उठला. म्हणाला, "पहाटेपासून बसलो होतो. एक खार दिसली. तिच्याशी माझी ओळख झालीय आता."

आमच्या कोपऱ्यावरच्या काकू उठल्या. निवृत्त डॉक्टर, आवाज अजून वॉर्डातला. "कमी झालीत? माझी जास्वंद बघा!" त्यांनी फोन उंच धरला. फोटोत एक काडी होती.

"हा फोटो कधीचा, मॅम?"

"गेल्या वर्षीचा. पण काडी अजून तशीच आहे!"

दुसऱ्या शिकाऱ्याचं म्हणणं, कोयोटी, म्हणजे इथले कोल्हे, आलेत, ते पाडसं खातात. तिसरा म्हणाला, कोल्हेकुई वगैरे काही नाही, सगळीकडे गोदामं बांधली, जायला वाटच नाही. चौथा म्हणाला, या वर्षी ओकची फळं मुबलक पडलीत, हरणं जंगलाच्या आत बसून मस्त खातायत, बाहेर कशाला येतील? आमच्यातले एक काका म्हणाले, "अहो, मग अडचण काय आहे? नाहीत तर नाहीत. पेढे वाटा." हे त्यांनी मराठीतच म्हटलं, पण शिकाऱ्यांना सूर कळला आणि खुर्च्या करकरल्या. सगळ्यांचं ऐकताना मला प्रत्येकाचं पटत होतं. ही माझी जुनी खोड आहे. त्या बाईलाही बहुतेक पटत होतं, कारण ती प्रत्येक वाक्यानंतर एक घोट पाणी पीत होती.

आणि माझ्या शेजारी आई उभी राहिली. इरकली साडी, पायांत स्नीकर, एसी बाधू नये म्हणून कानाला रुमाल.

"सांग यांना," ती मला म्हणाली. "हे टोपीवाले खरं बोलतायत."

मी उठलो. "माझ्या आईचं शिकाऱ्यांना अनुमोदन आहे."

टोप्यांच्या बाजूने टाळ्या पडल्या. आमच्या बाजूने कोपऱ्यावरच्या काकू पुटपुटल्या, "अहो वहिनी, काय हे!"

"सांग, आमचं एक होतं. तेही येत नाही."

आता मला लोकांसमोर उभं राहायला मनापासून आवडतं. कॉलेजात मी एकांकिकांमध्ये काम करायचो आणि मेल्यावरही टाळ्या संपेपर्यंत डोळे मिटत नसे. पण त्या दिवशी माझी जीभ अडकली. "तिचं म्हणणं असं, की त्यातलं एक... आमचं होतं."

बाईने ग्लास खाली ठेवला. "तुम्ही हरीण पाळलंय? ते बेकायदेशीर आहे, सर."

"छे, छे. ते फक्त जेवायला यायचं."

"म्हणजे तुम्ही त्याला खायला घालता?"

"एकदाच. धार्मिक कारणाने."

"काय खाल्लं त्याने?"

"माझ्या वडिलांचा..." आणि इथे मला पिंडाचं इंग्रजी सुचेना.

हॉलमध्ये जी शांतता पसरली, तशी मला एकाही एकांकिकेत मिळालेली नाही. शेवटी मागून शिकारीकाका म्हणाले, "त्याचे वडील एप्रिलमध्ये गेले. चांगला माणूस होता. त्यांची काहीतरी प्रार्थना असते." एवढं ऐकून त्या रुंद खांद्यांच्या लोकांनी एकेक करून टोप्या काढल्या. आईने सगळ्यांना नमस्कार केला. मीटिंगमध्ये काय ठरलं म्हणाल तर, बघू असं ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून एक विलक्षण दृश्य आमच्या मागच्या जंगलात दिसू लागलं. पुढे शिकारीकाका, मागे आई, तिच्या मागे दुभाषी म्हणून मी. काका एखाद्या झाडाची खरवडलेली साल दाखवायचे. "इथे नर शिंगं घासतो. पण ही जुनी खूण आहे." माझी आई, जी चपलेला हात लागला तरी हात धुते, ती वाकून लेंड्या बघायची. काकांनी एक काडीने फोडली.

"शिळी आहे," आई म्हणाली.

"काय म्हणते?"

"जुनी आहे म्हणते."

"बरोबर आहे," काका आदराने म्हणाले.

एकदा काका बुंध्याला टेकून म्हणाले, "तुझ्या वडिलांना ते मोहरीबरोबर फार आवडायचं." मी हादरलो. आई माझ्याकडे बघत होती. "म्हणतायत, बाबांना मोहरी आवडायची," मी म्हणालो.

"हो तर," आई हरखून म्हणाली. "फोडणीशिवाय घास उतरायचा नाही. याला कसं माहीत?"

मग तिने तो प्रश्न विचारला, जो मी इतके दिवस टाळत होतो. "याला विचार, दिसलं तर हा मारणार का?"

काकांनी टोपी मागे सरकवली. "कसं दिसतं तुमचं? काही खूण?"

आईने विचार करून सांगितलं, "खायच्या आधी थांबतं. मान वाकडी करतं. जरा नाराज असल्यासारखं बघतं. पण मनातून नाराज नसतं."

मी जसंच्या तसं सांगितलं. काका म्हणाले, "मॅम, सगळीच हरणं तशी असतात."

"मग सगळीच मारू नकोस म्हणावं."

यावर काका हसले नाहीत. त्यांच्या घरातला मोठा फ्रीजर रिकामा होता. हिवाळाभर त्यांचं तेच जेवण, आणि तीच त्यांची उठबस, कारण एक हरीण मिळालं की चार मित्र गॅरेजमध्ये जमतात. गेल्या हिवाळ्यातल्या त्या चारांतले एक बाबा होते. काका म्हणाले, "तुमचा तो दिवस होईपर्यंत धनुष्य घरी ठेवतो. पण बसतो वर. नजर ठेवायला कोणीतरी हवं."

भरणीच्या दिवशी सकाळपासून घरात घाणा पडल्यासारखं तळण चालू होतं. वडे, अळूवडी, भाज्या, तांदळाची खीर, आमसुलाची चटणी. काका वरून ओरडले, "हा वास पार पेनसिल्व्हेनियापर्यंत जाणार. हरणं माणसाच्या नुसत्या साबणाने पळतात!" मी आत जाऊन बायकोला सांगितलं, की वास न येता वडे तळता येतील का. तिने झारा उचलून माझ्याकडे फक्त पाहिलं.

मी आईला विचारलं, "कमी तळूया का?"

"श्राद्धाचं पान आहे ते. तुझ्या ऑफिसचं सॅलड नाही. त्यांना वास आला तरच येतील ना?"

म्हणजे एकाच्या मते वासाने पळणार, दुसरीच्या मते वासाने येणार. दोघंही आपापल्या शास्त्रात पारंगत. मी मध्ये उभा.

केळीचं पान इंडियन स्टोअरच्या फ्रीजरमधलं, कडेने जरा काळं पडलेलं. त्यावर सगळं वाढून आईने ते गवतावर ठेवलं आणि आम्ही डेकवर बसलो. गुरुजींनी पडद्यातून मंत्र सांगितले, "आता शांतपणे वाट बघा, नंतर कळवा," म्हणाले आणि गेले. आम्ही वाट बघत बसलो. खिरीवर साय धरली. कॉलेजातून मुलीचा टेक्स्ट आला: एनी डियर? मी लिहिलं: नो. तिने एक रडका चेहरा पाठवला, आणि थोड्या वेळाने, इज आजी ओके? मी आईकडे पाहिलं. ती ताठ बसून होती आणि तिची नजर कुंपणाच्या त्या पडक्या भागावरून हलत नव्हती. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. कावळे खांबावर होते. त्यांनी याही वेळी आमच्यात रस घेतला नाही. माझ्या पोटात मात्र भुकेने तबला वाजत होता, आणि त्याची मला लाज वाटत होती. आणि लाज वाटूनही वड्यांचा वास येतच होता.

दुपार कलली तेव्हा काका झाडावरून उतरले. मला खुणेने कुंपणापाशी बोलावलं.

"तुला एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "राहिलं नाही. मी सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये पलीकडच्या ऑफिसांमागे तळं आहे ना, तिथे मला काही हरणं मेलेली दिसली. पाण्याच्या कडेला. एक पाण्यातच. एक बारीक माशी असते, ती चावली की ताप येतो, आणि ताप चढला की ती पाण्याकडे जातात. मला वाटतं तेच असावं. कदाचित नसेलही. काही म्हणतात हरणं आत जंगलात फळं खातायत, तेही असेल. सगळी मेलीत असं मी म्हणत नाही. तुमचं त्यात होतं की नाही, ते मला माहीत नाही. मला खरंच काही माहीत नाही."

"काय म्हणतोय रे तो?" मागून आईचा आवाज आला.

मी वळलो. मला सुचत होतं, भराभर सुचत होतं. ओकची फळं. नवी शिंगं. आत जंगलात मजेत आहेत. एवढंच सांगायचं होतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण बाबांचे शेवटचे दिवस मला आठवले. अंगात ताप असायचा आणि ते सारखे पाणी मागायचे. घशाखाली काही उतरत नव्हतं, म्हणून आई ओल्या कापसाने त्यांचे ओठ टिपत बसायची. त्या खोलीत तिच्यापासून कोणी काही लपवू शकलं नव्हतं. मी तरी काय लपवणार होतो?

मी डेकवर गेलो, तिच्यासमोर खाली बसलो आणि काका जे बोलले ते सगळं सांगितलं. माशी सांगितली, ताप सांगितला, तळं सांगितलं. त्यांना नक्की माहीत नाही, हेही सांगितलं.

तिने ऐकलं. "ताप चढला की पाण्याकडे जातात?"

"असं म्हणतायत."

"आणि तळ्यात पाणी भरपूर आहे?"

"आहे."

तिने चष्मा काढून पदराने पुसला. तिच्या मनात काय चाललं होतं मला कळलं नाही. मला वाटलं ती रडेल. मी बायकोकडे बघितलं, तिलाही तेच वाटत होतं. मग आई गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि म्हणाली, "मग इथे कशाला वाट बघत बसलोय? तिकडेच नेऊ. कावळा नाही, गाय नाही, तर पाण्यात सोडतातच. गाडी काढ."

भरलेलं पान गाडीतून नेणं किती अवघड असतं, हे ज्याने नेलंय त्यालाच कळेल. बायकोने ते मोठ्या बेकिंग ट्रेमध्ये ठेवलं आणि मांडीवर घेऊन बसली. आई पुढे. मागे बायकोशेजारी काका, पानाफांद्यांच्या कपड्यांत, गुडघे हनुवटीला लागलेले. ते सांडू नये म्हणून ट्रेची दुसरी कड धरून होते. "हे काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं. बायको म्हणाली, "अळूवडी." ते म्हणाले, "ओके."

तळं ऑफिसांच्या मागे होतं. आता तिथे काही मेलेलं नव्हतं, नुसतं उंच गवत आणि काठावर मोठाले हंस. आपल्या चित्रांतले पांढरे नाहीत, इथले करडे, काळ्या मानेचे, सदा चिडलेले. आईने स्नीकर काढले, काठावर वाकली आणि पान पाण्यात सोडलं. वडे लगेच बुडाले. भात तरंगत पसरला. खीर पाण्यात पांढरी होऊन विरघळली. पान एक गिरकी घेऊन आत सरकलं आणि दोन हंस एकमेकांना टोचत त्याच्यावर धावले. तिसरा आला. भाताची मूद कोणी खाल्ली ते दिसलंच नाही. नुसतं पाणी उडत होतं आणि फूत्कार ऐकू येत होते.

"खाल्लं का?" आईने विचारलं. तिला चष्म्यावर पाणी उडाल्यामुळे दिसत नव्हतं.

"खाल्लं," मी म्हणालो.

"कोणी?"

मी चष्मा पुसायला तिला माझा रुमाल दिला. काकांनी टोपी काढली होती. मग बहुतेक त्यांना वाटलं, आपण चुकतोय. त्यांनी ती घातली. आईने हात जोडले तशी पुन्हा काढली.

मलाही हात जोडायचे होते. पण कुठल्या दिशेला? पाण्याकडे? भांडणाऱ्या हंसांकडे? की पलीकडच्या झाडीकडे, जिथे एखादं हरीण फळं खात आरामात बसलेलंही असू शकत होतं? मी पाण्याकडे तोंड केलं, मग झाडीकडे, मग आकाशाकडे, आणि हात जोडलेले ठेवूनच एक पूर्ण फेरी घेतली. ती नेमकी कोणासाठी, हे मला सांगता आलं नसतं.

"अरे, गरगर काय फिरतोस," आई स्नीकरची लेस बांधत म्हणाली. "चल घरी. यालाही पान वाढायचंय, सकाळपासून उपाशी आहे तो. मला पण लागलीय भूक."

काकांनी मला विचारलं, "काय म्हणते?"

"जेवायला चला म्हणते," मी म्हणालो.

"मी?" काकांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून विचारलं, आणि आईने, भाषांतराची वाट न बघता, मान डोलावली.